पाच ओट्या सीनेपलीकडे

सुहास आणि एस्तेर, तुमच्या विनिपेगला एकाच माणसाचं गव्हाचं शेत डोळा पोचतो तिथपर्यंत असतं आणि तो गहू आगगाडीत बसून समुद्रापर्यंत जातो, असं तुमच्या बाबांनी कळवलं होतं. मी नुकतीच ज्वारी एक नदी ओलांडताना पाहून आले. नदी म्हणजे आपली सीना. उन्हाळ्यात तिच्यातून शेळ्या चालत जातात. पण तेवढ्या प्रवासाला ज्वारीला किती यातायात पडली, ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

आजोबा म्हणतात, "कर्जत तालुक्यात चार दिवस जाऊन कोणी प्रवासवर्णन लिहितं का?" लिहायला हवं. नगरला सारा जन्म काढून, शाळेत मुलींना टेम्स आणि डॅन्यूब नकाशात दाखवून, मी आपला जिल्हा एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता.

जाण्याचं कारण

दुष्काळात आपल्या बंगल्यामागच्या माळावर गुरांची छावणी पडली होती. तिथे आपली बैलजोडी घेऊन उतरलेली हौसाबाई रोज आपल्या विहिरीवर घागर भरायला यायची. पहिल्या दिवशी ती मला भ्यायली, दुसऱ्या दिवशी मी लावलेली वांगी कशी चुकीची लावली आहेत हे तिने मला सांगितलं, आणि तिथून आमची मैत्री झाली. पाऊस पडल्यावर बैल घेऊन निघताना ती म्हणाली, "बाई, गौरीला टाकळीला यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

मी म्हटलं, "हौसाबाई, आम्ही ख्रिस्ती. आमच्यात गौरी नसतात."

"तुमच्यात नसंल. आमच्यात हाय न्हवं? जेवायला या."

मी गेले.

टाकळी, गौरी आल्या त्या दिवशी

कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, "कंची टाकळी?" जिल्ह्यात टाकळ्या इतक्या आहेत की नुसतं नाव सांगणं म्हणजे मुंबईत 'पाटील' म्हणून हाक मारणं. मी म्हटलं, "मिरजगावच्या पुढची, सीनेकाठची." तेवढ्याने त्याचं समाधान झालं.

रस्त्याच्या दोन्ही कडांना फोडलेल्या खडीचे ढीग अजून तसेच पडलेले आहेत. दुष्काळी कामावर माणसांनी फोडलेली ही खडी. आता त्या ढिगांतून तरवडाची पिवळी फुलं वर आली आहेत. फाट्यावर बैलगाडी घेऊन हौसाबाईचा नवरा दगडूबा उभा होता. उंच, कमी बोलणारा, आणि बोललाच तर दुसरीकडे बघून बोलणारा माणूस. एका ढिगाकडे चाबूक करून तो म्हणाला, "ही माझी खडी." जणू विहीर किंवा आंब्याचं झाड दाखवत होता.

घरात गौरी नुकत्याच बसल्या होत्या. आपल्या शेजारच्या जोशीबाईंच्या घरी गौरींना लोखंडी स्टँडवर उभं करतात, ते तुम्ही लहानपणी पाहिलंय. इथे दोन मोठी मडकी एकावर एक रचली होती, त्यांना हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि वरच्या मडक्याच्या तोंडावर पितळेचा मुखवटा ठेवला होता. पहिल्या दिवशीचा नैवेद्य अगदी साधा, शेपूची भाजी आणि भाकरी. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. माहेरी आलेल्या लेकीला आल्या आल्या जड खायला घालत नाहीत, असं मला कारण सांगितलं गेलं. मला ते पटलं. आपल्या नाताळात आपण एवढा विचार करत नाही.

घरात खरीखुरी माहेरवाशीणही आली होती. दगडूबाची धाकटी बहीण चंद्रभागा. तिचं सासर सीनेच्या पलीकडे, म्हणजे बीड जिल्ह्यात. तिच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं तर भावाच्या घरातला धूर दिसतो, पण जिल्हा वेगळा. ती गौरीपुढे बसून मडक्याकडेच पाहत होती, मुखवट्याकडे नाही. तेव्हा मला ते विचित्र वाटलं.

जेवताना हौसाबाईने माझ्या ताटात दोन वेगवेगळ्या भाकरी वाढल्या. "ही सरकारची अन् ही आमची. डोळं मिटून खावा, अन् सांगा."

डोळे मिटायची गरज पडली नाही. पहिली भाकरी दुमडायला गेले तर बिस्किटासारखी मोडली. दुसरी धुतलेल्या पंचासारखी घडी झाली आणि तिला दुधासारखा गोड वास होता. पहिली हायब्रीड ज्वारीची, दुसरी शाळूची. शाळू म्हणजे इथल्या काळ्या रानात पावसाच्या शेवटी पेरतात आणि थंडीत, दवावर पिकते ती ज्वारी.

"पण हायब्रीडला पीक जास्त येतं म्हणतात," मी दगडूबाला विचारलं. वर्तमानपत्रात मी तसंच वाचलं होतं.

"येतं की," तो दाराकडे बघत म्हणाला. "पान्यावर येतं. हिरीवाल्याच्या मळ्यात लई आलं, खोटं कशाला बोलू? मीबी एक साल लावलं. शेतकीचं साहेब म्हनलं, लाव. कनीस भरलं अन् नेमका पाऊस आला, सगळं काळं पडलं. कडब्याचं ताट येवढं बुटकं. बैलानं तोंड फिरवलं. साहेब जीपमधून आलं, जीपमधूनच बघितलं, म्हनलं फवारा मार."

"मारलात?"

"पावसावर कसा मारू?"

हौसाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग दगडूबा पुढे आपणहून बोलला, आणि मला वाटतं ते त्याने अनेकांना सांगून झालं असावं, कारण शब्द अगदी बसलेले होते. सरकार ज्वारीची लेव्ही घेतं, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याने ठरलेली ज्वारी सरकारला ठरलेल्या भावाने घालायची. "जमीन बघून मागत्यात, पीक बघून न्हाई मागत. आमचा शाळू नगरच्या गोदामात गेला. दुष्काळ पडल्यावर रेशनात काय आलं? लाल मिलो जवारी. अमेरिकेत जनावरं खात्यात म्हनं. आमचं तुमी खा, अन् जनावराचं आमी खातो."

मी खाली मान घालून शाळूची भाकरी खात होते. नगरला रेशनवर ती पांढरी ज्वारी कधीमधी मिळायची, तेव्हा ती कुठून येते असं मी कधी विचारलं नव्हतं.

गौरीच्या पोटातलं बी

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या झाल्यावर मी हौसाबाईला विचारलं, गौरीची मडकी इतकी जड का? तिने मुखवट्याला हात जोडून तो अलगद बाजूला केला, तोंडावरचं शेणाचं लिंपण फोडलं आणि मला आत बघायला सांगितलं. आत राख लावलेले ज्वारीचे दाणे होते. कडुनिंबाचा पाला घातलेला होता.

"शाळूचं बी. दोन सालं राखलंय."

"दुष्काळात सुद्धा खाल्लं नाही?"

"कसं खानार? तोंड शेणानं लिंपलं अन् वर मुखवटं ठिवलं. देवीला खाली उतरवून तिचं प्वाट रिकामं करायची कुनाची छाती हाय?"

मग चंद्रभागा बोलली. तिच्या घरी असा मुखवटा नव्हता. तिच्या घरचं बी दुष्काळात खाऊन झालं होतं. "सासऱ्याचा घास काडून घेता येतो व्हय, बाई? खाल्लं." आता पाऊस झालाय, रानाला वाफसा आलाय, म्हणजे जमिनीत पेरणीपुरती नेमकी ओल आहे. ही ओल फार दिवस थांबत नाही. आठवडाभरात बी पडलं नाही तर रान मोकळं राहणार, आणि लागोपाठ दुसरं वर्ष घरात दाणा येणार नाही.

"मग इथूनच घेऊन जा की," मी म्हटलं. "मडकी भरलेली आहेत."

तिघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, जशा मी शाळेत भलतं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघत असे.

ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आहे. व्यापाऱ्यांनी चढ्या भावाने इकडची तिकडे विकू नये म्हणून. आता बहिणीला द्यायचं बीसुद्धा ज्वारीच. सरकारी बियाणं जाऊ शकतं, कारण त्याच्या पिशवीवर शिक्का असतो. पण ते हायब्रीड, आणि चंद्रभागेच्या रानाला विहीर नाही. दगडूबा परवान्यासाठी कर्जतच्या कचेरीत गेला, तर ते म्हणाले माल जिथे जाणार तिथला कागद आणा. चंद्रभागेचा नवरा त्यांच्या तालुक्याला, आष्टीला गेला, तर ते म्हणाले माल जिथून निघणार तिथला आणा.

"सरकारला शिक्का दिसतो," दगडूबा म्हणाला, "बी दिसत न्हाई."

एरवी माणसं रात्री नदीतून नेतात, पण सीनेला पूर होता. राहिला पूल. आणि पुलावर नाका.

ओट्या

युक्ती कोणाची ते मला कोणी सांगितलं नाही. हौसाबाईचीच असावी. तिसऱ्या दिवशी गौरी बोळवल्या, मडकी उतरवली, आणि बायका ओसरीवर सुपं घेऊन बसल्या. पाखडून, फडक्याने पुसून त्यांनी बियांवरची राख काढली, कारण राखेची ओटी अभद्र. पाणी लावायचं नाही, बी फुगतं. मग कोरडी हळद चोळली. दाणे पिवळेधमक दिसायला लागले.

ओटी म्हणजे काय हे एस्तेरला माहीत नसेल. सासरी निघालेल्या लेकीच्या पदरात माहेरची बाई धान्य, नारळ, खण घालते. भरलेली कूस, भरलेलं घर, असा तिचा अर्थ. आपल्या घरी ही पद्धत नाही, पण जोशीबाईंच्या दारात मी ती शेकडो वेळा पाहिली आहे. ती मूठभर असते. इथल्या ओट्या पायलीच्या मापाने भरल्या. चंद्रभागेची, हौसाबाईची, तिच्या दोन जावांची. नणंदेला पोचवायला तिघी निघणार होत्या.

"चारच झाल्या," हौसाबाई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "सवाष्णी पाच लागत्यात. बाई, मालक हायेत न्हवं तुमचे?"

"आहेत. नगरला. आता बागेला पाणी घालत असतील."

"मग झालं. भरू?"

मी नियमाने चालणारी बाई आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बसच्या रांगेत पुढे घुसणाऱ्याला मी बोलते. पण मी चंद्रभागेकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसती दाणे चोळत होती. मी पदर पुढे केला. हौसाबाई कुंकवाची बोटं घेऊन पुढे आली तेव्हा मात्र मी तिचा हात धरला. "हळद चालेल, हाताला. कुंकू नको." तिने वाद घातला नाही.

एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नाही. त्या चौघी नऊवारी नेसलेल्या होत्या. नऊवारीच्या ओच्यात एक लहान मूल मावेल. माझी वॉयलची पाचवारी, तिचा पदर शोभेचा. कमरेला गाठ मारून मी बसमध्ये चढले खरी, पण प्रत्येक खड्ड्याला ती गाठ थोडी थोडी खाली येत होती.

सीनेचा पूल

पुलाच्या अलीकडे रस्त्यावर आडवा बांबू होता, एक राहुटी होती, आणि ताडपत्रीखाली पकडलेली पोती. बसमध्ये एक तरुण कारकून चढला, पुरवठा खात्याचा. मागे एक वयस्क हवालदार.

"ज्वारी, तांदूळ, गहू आहे का कुणाकडे?"

मागच्या एका म्हाताऱ्याने आपली कोंबडी वर उचलून दाखवली. कारकून आत येऊ लागला, मी त्याला वाट द्यायला जरा उठले, आणि गाठ सुटली. पत्र्यावर टपटप टपटप दाणे. पिवळे.

त्याने वाकून चार दाणे उचलले. "हे काय?"

"वटी हाय, साहेब," हौसाबाई म्हणाली. "नणंदेला पोचवाय चाललोय."

त्याने आमच्या पाच पोटांवरून नजर फिरवली. "पाच जणींच्या ओट्या?"

"सवाष्णी पाचच असत्यात."

"आणि एवढ्या मोठ्या?"

"गौरीची हाय, मंग काय चिमूटभर घालू?" बस हसली. "तुमच्या लग्नात तुमच्या सासूनं किती घातली हुती?"

"माझं लग्न झालेलं नाही," तो म्हणाला, आणि बस पुन्हा हसली. तो लाल झाला. "हवालदार, उतरवा यांना. ओट्या मोकळ्या करा."

"म्या न्हाई, साहेब," हवालदार म्हणाला. "बायामानसांच्या वटीला हात घालू? माझी आई मला दारात उभं करनार न्हाई. तुमीच करा."

तेव्हा चंद्रभागा कारकुनाकडे वळली. आवाज चढवला नाही. "भाऊ, म्हायेरची वटी वाटंत सांडून सासरी जाऊ व्हय? तुमच्या बहिणीला असं धाडाल का?"

त्याने हातातले दाणे उलटसुलट करून पाहिले. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडे तांदळाची भरतात." तो कोकणातला निघाला. "आमचंही भात लेव्हीत जातं. वडील तिकडे खात्याला शिव्या घालतात, मी इकडे लोकांच्या ऐकतो." ड्रायव्हरने भोंगा वाजवला. हवालदार बाहेर बघत होता. त्या मुलाला आम्हाला सोडायचं होतं हे मला दिसत होतं. पण दाणे सगळ्या बसने पाहिले होते, आणि काहीच जप्त न करता खाली उतरायचं कसं, हेही त्याच्या तोंडावर दिसत होतं.

त्याची नजर माझ्या कपाळावर येऊन थांबली. "आजी, तुम्हाला कुंकू नाही."

"नाही. आम्ही ख्रिस्ती."

"तुमच्यात ओटी भरतात?"

हौसाबाईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. एका 'हो'चं काम होतं. मी तोंड उघडलं आणि जन्मभर जे निघत आलं तेच निघालं. "नाही. भरत नाहीत. पण ही यांनी मला..."

"मग ही ज्वारी झाली," तो म्हणाला. इतका सुटल्यासारखा की मला त्याचा राग येईना.

"अहो, एकाच मडक्यातलं आहे सगळं! यांच्या पदरात ओटी आणि माझ्या पदरात ज्वारी?"

"हो, आजी. असंच आहे."

"मग बी म्हणा."

"शिक्का दाखवा."

मी खाली उतरले. त्याने पोतं पसरलं. मी माझा पदर स्वतःच सोडला, कारण दुसऱ्या कोणी सोडावा असं मला वाटेना. नारळ आणि खण त्याने परत दिले. हळदीमुळे तो ढीग ताडपत्रीखालच्या पोत्यांपेक्षा वेगळाच दिसत होता.

आम्ही पूल ओलांडला. पाणी गढूळ, काठोकाठ. मग चंद्रभागाच म्हणाली, "बाई, येवढं एक खोटं बोलला असता तर देव रागावला असता का?"

"आमचा रागावला असता."

"आमचा न्हाई रागवत," हौसाबाई म्हणाली. "त्याला शेतीतलं कळतं."

त्यावर धाकटी जाऊ आधी हसली, मग सगळ्याच. मला मात्र पदर हलका झाल्याचं उतरेपर्यंत जाणवत राहिलं.

चंद्रभागेचं रान

दुसऱ्या दिवशी पेरणी. तुम्हाला वाटेल मूठभर दाणे फेकायचे. तसं नाही. बैलांच्या मागे पाभर असते, तिला पोकळ नळ्या आणि वर लाकडी वाटी. तिला चाडं म्हणतात. बाई मागून चालते आणि मुठीतून चाड्यात बी सोडत जाते. जास्त सुटलं तर रोपं दाट होऊन एकमेकींना खातात, कमी सुटलं तर रान विरळ. चंद्रभागेचा नवरा बैल हाकत होता आणि ती चाड्यावर होती. मी बांधावर बसून तिची मूठ पाहत होते. पहिल्या ओळीपासून तिने ती आवळून धरली होती. उरलेलं बी संपूर्ण रानाला पुरवायचा प्रयत्न चालला होता.

नाही पुरलं. दुपारी नदीकडची एक लांब पट्टी काळी आणि मोकळी राहिली, आणि ती किती लांब आहे हे मी सारखं डोळ्यांनी मोजत होते. नवऱ्याने बैल थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती घराकडे गेली. मला वाटलं रडायला गेली.

ती गाडगं घेऊन आली. त्यात पांढरे, शिंपल्यासारखे चकचकीत दाणे होते.

"करडई," ती म्हणाली. "तेलाची. उठा बाई."

"मी?"

"तुमची पट्टी हाय. कुनी पेरायची? धरा मूठ."

मी पाभरीमागे चालू लागले. चपला काढाव्या लागल्या. माझ्या मुठीतून दाणे भदाभदा पडत होते, ती शेजारून "आवळा, आवळा, शाळंत खडू धरता तसं," असं ओरडत होती, आणि तिचा नवरा बैलांना उगाचच थांबवत होता. पट्टीच्या शेवटाला पोचलो तेव्हा मी तिला म्हटलं, "चंद्रभागा, इथे ज्वारी यायला हवी होती. माझ्यामुळे गेली."

"आता तोंड कशाला पाडताय?" तिने रिकामं गाडगं काखेला मारलं. "करडईला लेव्ही न्हाई. पिकली की लई काटं टोचत्यात, बाई. सरकार तिला हात लावत न्हाई."